एक गद्दार पाहिजे

टोलिव्हरचा माणूस जेवायला बसला की आधी ताटली उचलून तिची पाठ बघतो. हॉटेलात, लग्नात, दवाखान्याच्या कँटीनमध्ये, अगदी मयतानंतरच्या जेवणातसुद्धा. पाठीवर गावच्या पॉटरीचा छाप, निळा बगळा, दिसला की ताटली खाली ठेवायची आणि मुकाट जेवायला लागायचं. नाही दिसला तर तिथे काही बोलायचं नसतं, पण परतताना गाडीत त्या यजमानाचा पुरता उद्धार होतो. ओहायो नदीच्या काठावर हेरन पॉटरीच्या भट्ट्या पेटल्या तेव्हापासूनची ही खोड. जूनमध्ये भट्ट्या कायमच्या विझल्या, तरी गावाचे हात थांबले नाहीत. उलट जास्तच वळवळू लागले.

यंदाचा थँक्सगिव्हिंग वेंडेल ब्लूरच्या घरी होता. ग्लेंडा नवऱ्यामागून पायऱ्या चढली तेव्हा तिच्या हातात भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेले दोन ‘पाय’ होते आणि डोक्यात फक्त सोमवार होता. सोमवारी संध्याकाळपर्यंत सरकारकडे फेरविचाराचा अर्ज पोचला नाही, तर कॉलेजातली एक्स-रेच्या वर्गातली तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. ती जागा तिने महत्प्रयासाने मिळवली होती. पंचविशीतल्या पोरींमध्ये बसून गणिताची परीक्षा दिली होती आणि पासही झाली होती. फी भरायला सरकारने हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि सरकारने नाही म्हटलं होतं.

कायदा ऐकायला सोपा होता. बाहेरदेशच्या मालामुळे तुमचा कारखाना बुडाला असेल, तर सरकार तुम्हाला नवं काम शिकवतं, शिकेपर्यंत घर चालवायला दर आठवड्याला काही देतं, विम्यालाही हातभार लावतं. फक्त कारखाना बाहेरच्या मालानेच बुडाला हे दिसायला हवं. ग्लेंडाने जन्मभर पॉटरीत कपांना कान लावले होते. शेवटची दोन वर्षं कप येईनासे झाले, का येईनासे झाले हे भट्टीवरच्या मांजरालासुद्धा माहीत होतं. पण सरकारने मांजराला विचारलं नाही.

दार वेंडेलनेच उघडलं. थोरला भाऊ, भरदार, टायला चांदीचा बगळा लावलेला. तीन जिल्ह्यांतल्या हॉटेलांना आणि शाळांच्या कँटीनना भांडीकुंडी पुरवायचं त्याचं दुकान होतं आणि दुकानावर ‘आपल्या गावचं, आपल्या हातचं’ अशी पाटी होती. त्याच नावाच्या समितीचा तो अध्यक्ष होता. उन्हाळ्यातल्या पॉटरीच्या मिरवणुकीत पहिल्या गाडीत उभा राहून हात हलवायचा मान त्याचा होता.

“ये गं. चेहरा का असा? आज सणाचा दिवस आहे.”

“चेहरा तोच आहे, वेंडेल. नोकरी गेली तेवढी.”

“लागेल काहीतरी. ब्लूर माणूस उपाशी मरत नाही,” वेंडेल म्हणाला आणि पायची तबकं हातात घेऊन त्यांचा वास घेत आत गेला.

स्वयंपाकघरात अर्लीन टर्कीवर चरबी सोडत होती. वेंडेलची ही बायको मूळची कोलंबसची, म्हणजे शहरातली, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही ब्लूर मंडळी ते विसरली नव्हती. सासऱ्याच्या मयतीपासून ग्लेंडा आणि ती एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोलत नव्हत्या. कारण दोघींनाही आता नीट आठवत नव्हतं, म्हणूनच ते मिटत नव्हतं.

“थंडी पडली,” ग्लेंडा म्हणाली.

“पडली खरी,” अर्लीन म्हणाली.

एरवी अर्लीनची नखं लालभडक असायची. आज ती उघडी होती, आणि उजव्या अंगठ्याचं टोक सोलवटून पांढरं पडलं होतं. ग्लेंडाचं लक्ष गेलं, पण विचारायची पद्धत राहिली नव्हती.

मोठ्या टेबलावर घराण्याचा सेट मांडला होता. वडिलांनी, अमोस ब्लूरनी, स्वतःच्या हाताने चकाकी चढवलेला. सगळे बसले तसे हात आपोआप ताटल्यांखाली गेले. घरच्या घरी ताटली उलटणं म्हणजे यजमानाचा अपमान, पण वेंडेलच्या घरी तो मान होता. तो स्वतःच म्हणायचा, “बघा, बघा, लाजू नका.” निळे बगळे सगळीकडे जागच्या जागी होते. वेंडेलने सगळ्यांकडे असं पाहिलं, की जणू ते बगळे त्यानेच अंडी उबवून काढले होते.

मग आभार. ब्लूरांच्या घरी घास घेण्याआधी प्रत्येकाने एका गोष्टीबद्दल आभार मानायचे आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं, अशी आईची, व्हर्नाबाईंची, शिस्त होती. आईने अजून कुणाला त्यातून सुटू दिलं नव्हतं. ग्लेंडाच्या नवऱ्याने, क्लाइडने, आपल्या नव्या गुडघ्याबद्दल आभार मानले. अर्लीनने ओव्हन बिघडला नाही म्हणून मानले. चुलतभाऊ डेल, जो पॉटरीच्या युनियनचा सेक्रेटरी होता आणि आता नुसता सेक्रेटरी उरला होता, तो म्हणाला की माणसं अजून त्याचा फोन उचलतात याबद्दल देवाचे उपकार. वेंडेलने गावाच्या एकजुटीबद्दल मानले, तेही बऱ्यापैकी लांबण लावून. त्याचं आमेन होईपर्यंत ग्रेव्हीवर साय धरली.

“ग्लेंडा,” आई म्हणाली.

“माझं राहू दे, आई. यंदा काही सापडत नाहीये.”

“देवाला असं सांगतात का?”

“देवाला माहीत आहे.”

व्हर्नाबाईंनी लेकीकडे बराच वेळ पाहिलं. “बरं. राहिलंय, हे मी लक्षात ठेवते. उठायच्या आधी म्हणायचं.”

पहिल्या वाढणीपर्यंत सगळे टर्कीबद्दल बोलले. दुसऱ्या वाढणीला डेलने काटा खाली ठेवला.

“सोमवारचं काय करायचं?”

“पुन्हा अर्ज करा,” वेंडेल म्हणाला. “जोरदार भाषेत.”

“भाषेचा प्रश्न नाही. सरकारने पॉटरीच्या मोठ्या गिऱ्हाइकांना विचारलं, की तुम्ही हेरनचा माल कमी करून बाहेरचा घ्यायला लागलात का. सगळ्यांनी लिहिलं, नाही. मी एकेकाला फोन केला. सगळे छातीवर हात ठेवून सांगतात, आम्ही मरू पण बाहेरची ताटली घेणार नाही.”

“माणसं चांगली आहेत,” आई म्हणाली.

“फार चांगली आहेत, काकू. त्यांच्या चांगुलपणानेच आपण मेलो. कुणीच बाहेरचं घेतलं नाही, तर पॉटरी बाहेरच्या मालाने बुडाली नाही. सरकारचं म्हणणं असं, की आपण आपल्या मनाने बंद पडलो.”

“एवढी पॉटरी,” क्लाइड म्हणाला, “आणि हौस म्हणून बंद पडली?”

“कागदावर तसंच आहे. एकाने जरी कबूल केलं की हो, मी हेरन सोडून बाहेरचं घेतलं, तर सगळं उघडतं. एकट्या ग्लेंडाचं नाही, पॉटरीतल्या सगळ्यांचं.”

जूनमध्ये याच टेबलावर व्हर्नाबाई म्हणाल्या होत्या, की बाहेरची ताटली घेणाऱ्याच्या घशात घास अडकू दे. आता त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “प्रभू, एखादा तरी गद्दार दे.”

मग गद्दाराचा शोध सुरू झाला. कुणाकुणाची नावं निघाली. नदीपलीकडचं मोटेल निघालं, पण त्याची मालकीण डेलच्या बायकोची मावशी आणि तिने तर सरकारला पाठवलेल्या उत्तरावर अमेरिकेचा झेंडा चिकटवला होता. पिट्सबर्गचा व्यापारी निघाला, तो दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो म्हणून त्याला सोडून दिलं. जो तो आपल्या ओळखीच्या माणसाची बाजू घेत होता आणि दुसऱ्याच्या ओळखीचा माणूस पुढे ढकलत होता. इतक्या इमानी माणसांच्या गावात राहायचं भाग्य आपल्या वाट्याला यावं, याचं ग्लेंडाला रडू यायला लागलं.

“वेंडेल, तुझं काय?” क्लाइडने सहज विचारलं. “तूही त्यांचं मोठं गिऱ्हाईक होतास. तुलाही कागद आला असेल.”

“आला होता. ‘नाही’ लिहून त्याच दिवशी परत पाठवला.” वेंडेल ताठ बसला. “आणि जूनमध्ये पॉटरीच्या फाटकावर कोण उभं होतं? पहाटेपासून कॉफी कुणी वाटली?”

वाटली होती खरी. ग्लेंडाला ती सकाळ आठवत होती. वेंडेल रडत होता, एकेकाला मिठी मारत होता. तिला तेव्हा भावाचा अभिमान वाटला होता. कॉफी कागदी पेल्यांत होती हे तेवढं तिला खटकलं होतं.

“भोपळ्याचा पाय कापू या,” अर्लीन उठली.

“सेटमधल्या बश्या काढ,” आई म्हणाली.

“पुरणार नाहीत.”

“पुरतात. अमोसने चोवीस केल्या होत्या.”

“नाही पुरत,” अर्लीन शांतपणे म्हणाली आणि तळघराच्या पायऱ्या उतरली. वेंडेल अर्धवट उठला. “अर्लीन, त्या नको,” तो खाली वाकून म्हणाला. खालून भांड्यांचा आवाज आला.

ती वर आली ती बश्यांची चळत घेऊन. जाड, पांढऱ्या, कडेला हिरवी रेघ असलेल्या, हुबेहूब हेरनच्या शाळेतल्या बश्यांसारख्या. तिने प्रत्येकापुढे एकेक ठेवली, ग्लेंडापुढे सर्वांत शेवटी. आणि इथे कुणाचा काही इलाज नव्हता. टेबलाभोवतीचे सगळे हात एकदम बशीखाली गेले. वेंडेलचासुद्धा.

डेलच्या बशीच्या पाठीवर काही नव्हतं. आईच्याही नव्हतं. क्लाइडच्या बशीवर मधोमध एक चौकोनी मळकट डाग होता, गोंदाचा असतो तसा. ब्लूरांच्या घरात कोरी पाठ कुणी पाहिली नव्हती. क्लाइडने बोट फिरवून वास घेतला. “नेलपॉलिश काढायचं पाणी,” तो म्हणाला.

ग्लेंडाच्या बशीवर मात्र स्टिकर जागच्या जागी होतं, छोटं, सोनेरी, छान छापलेलं. त्यावर शब्द होते, ‘चीनमध्ये बनवलेलं’.

तिने मान वर केली. अर्लीन तिच्याकडेच पाहत होती, सोलवटलेला अंगठा ओठांशी धरून. एवढ्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

“किती दिवस?” ग्लेंडाने विचारलं. तिने विचारलं ते अर्लीनला.

“तीन वर्षं होतील. खोकी येतात, मी खाली बसून सोलते. शाळेतली पोरंसुद्धा ताटली उलटतात ना, तुमच्याच गावची. स्टिकर ठेवून कसं चालेल?”

“शाळांना स्वस्त हवं असतं,” वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज समितीचा राहिला नव्हता. “बगळा परवडत नाही म्हणाले. मी नसता दिला तर दुसऱ्याने दिला असता. निदान फायदा गावात राहिला.”

“तुझ्या घरात राहिला,” ग्लेंडा म्हणाली.

“मी अमेरिकन माल विकायचा प्रयत्न केला. देवाशपथ केला.”

“फाटकावर रडलास, वेंडेल. माझ्या गळ्यात पडून रडलास.”

“खरं रडलो मी.”

आणि तो खरंच रडला होता, हेच ग्लेंडाला सहन होईना. तिला बशी भिंतीवर फेकावीशी वाटली. कपांना कान लावता लावता तिच्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे वाकले होते. एकेक करून तिच्या ओळीतल्या बाया घरी गेल्या होत्या, आणि तिचा सख्खा भाऊ तळघरात बायकोला स्टिकरं सोलायला बसवत होता. पण बशी फेकता येत नव्हती. तोच एवढा एक पुरावा होता.

डेलने मात्र बशीकडे पाहून हळूच देवाचं नाव घेतलं. “काकू,” तो म्हणाला, “सापडला.”

कोटाच्या खिशातून त्याने सरकारचा कोरा कागद काढला. हल्ली तो तो कागद चर्चलाही नेत असे. पायची तबकं बाजूला सरकवून त्याने तो वेंडेलपुढे ठेवला.

“लिही, की पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं. हेरनचा माल किती कमी केलास आणि बाहेरचा किती घेतलास.”

“वेडा आहेस का? उद्या सगळ्या गावात होईल.”

“हे फक्त सरकार वाचतं. गिऱ्हाइकाचं उत्तर गुप्त असतं. मिरवणुकीत तू पहिल्याच गाडीत राहशील.”

“आणि स्टिकरं? तो गुन्हा आहे.”

“स्टिकरांचं त्यांनी विचारलेलं नाही.”

वेंडेलने पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. “दहावा हिस्सा लिहितो.”

“दहाव्या हिश्श्याने कारखाने बुडत नाहीत. तेवढ्याला ते हिंग लावून विचारणार नाहीत.”

“बरं, पाचवा.”

“अर्ध्याहून जास्त,” अर्लीन म्हणाली.

“मी एवढा काही गद्दार नाही, अर्लीन.”

“आहेस. मी सोललेत.”

“तिसरा हिस्सा. याच्या पुढे मी जाणार नाही, माझी काही इज्जत आहे.”

“वेंडेल,” व्हर्नाबाई मध्ये पडल्या. थोरल्या लेकाची बाजू त्यांनी कधी सोडली नव्हती. त्याने शाळेची काच फोडली तेव्हाही त्या दगडालाच दोष देत होत्या. टेबलावरच्या सगळ्यांना वाटलं, आता त्या त्याला वाचवणार. “लहानपणापासून तुझा हात आखडता. आज घरासाठी मोकळा सोड. सगळी गद्दारी लिही.”

वेंडेल आईकडे बघत राहिला. मग ग्लेंडाकडे वळला, आणि तिला कळलं की आता तो सौदा मांडणार. तो लहानपणीही असंच तोंड करायचा.

“लिहितो. पण आधी हिने म्हणावं, की माझ्यावर तिचा राग नाही.”

“म्हण की,” क्लाइड तिच्या कानाशी पुटपुटला. “काय जातं? वर्गाची जागा बघ.”

डेल पण डोळ्यांनी तेच सांगत होता. ग्लेंडाला वर्ग दिसला, पांढऱ्या भिंती, अंधाऱ्या खोलीत उजळणारी हाडं, नव्या कामाचा तो कोरा डगला. एक खोटं वाक्य बोललं की ते सगळं मिळणार होतं. साऱ्या गावाने खोटं बोलूनच तर ते घालवलं होतं.

“राग आहे,” ती म्हणाली. “मरेपर्यंत राहील. लिही.”

“मग राहिलं,” वेंडेलने पेन खाली ठेवलं.

“ठीक आहे,” अर्लीन म्हणाली. तिने त्याच्या हाताखालून कागद ओढून घेतला आणि खुर्चीत बसली. “दुकान माझ्याही नावावर आहे. मी लिहिते. अक्षर माझं बरं आहे, आणि खोकी मी मोजलीत.”

तिने पहिली ओळ लिहिली. वेंडेल तिच्या खांद्यावरून वाचत होता, आणि वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं असावं, की घराण्यातलं एवढं मोठं काम बायकोच्या नावावर जमा होतंय, तेही कोलंबसच्या. त्याने कागद परत घेतला. उरलेलं त्याने स्वतः लिहिलं, अर्ध्याहून जास्तचं सगळं. सही मात्र झोकात केली, मिरवणुकीत हात हलवायचा तशी. डेलने कागदावर फुंकर घातली, घडी केली आणि खिशात टाकून खिशाचं बटण लावलं.

अर्लीनने भोपळ्याचा पाय कापला आणि त्या कोऱ्या बश्यांमध्ये वाढला. वेंडेल ग्लेंडाकडे बघत होता. तो थकला होता, आणि त्याला काहीतरी हवं होतं, तिने निदान मान हलवावी एवढं तरी. तिने मान हलवली नाही. तिने स्वतःची बशी अर्लीनच्या बशीशेजारी सरकवली आणि खुर्चीही.

“अंगठ्याला काय लावतेस?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“आमच्या ओळीत मेंढीच्या लोकरीचं तूप लावायचो. घरी आहे माझ्याकडे. उद्या ये.”

“येते,” अर्लीन म्हणाली.

क्लाइडने दुसरा तुकडा घेतला आणि उठायची वेळ झाली, तेव्हा व्हर्नाबाईंनी काठी जमिनीवर आपटली.

“ग्लेंडा. तुझं राहिलंय.”

ग्लेंडाने हात जोडले. सगळ्यांनी जोडले. वेंडेलने डोळे मिटून मान खाली घातली, नेहमी घालायचा तशी.

“माझ्या भावाने बाहेरच्या ताटल्या विकत घेतल्या,” ती म्हणाली, “म्हणून देवाचे आभार.”

मग अर्लीनने आमेन म्हटलं, स्पष्ट आणि मोठ्याने. क्लाइडने म्हटलं, डेलने म्हटलं, आईने म्हटलं. सगळे थांबून राहिले, कारण शिस्तच तशी होती, शेवटचं आमेन झाल्याशिवाय कुणी उठायचं नसतं. वेंडेल बशीकडे पाहत होता. शेवटी त्यानेही म्हटलं.